सध्या काय ऐकतोस

शुक्रवारी एलेउतेरियोच्या पंक्चरच्या दुकानाचं
शटर अर्धंच ओढलेलं असतं.
पुरं ओढलं तर वारा मनाला लावून घेतो
आणि रात्रभर पत्रा बडवत बसतो.
पुंता अरेनासचा वारा. त्याच्याशी कोण भांडणार?

नियम एकच :
सध्या जे ऐकतोय तेच आणायचं.
तरुणपणी काय ऐकलं, थोर काय, मेल्याआधी काय ऐकावं,
ते चिखलाच्या बुटांसारखं दाराशी काढून ठेवायचं.

एलेउतेरियो चिलोए बेटावरच्या म्हाताऱ्यांचं अकॉर्डियन लावतो.
म्हणतो, ऐका, भात्याचा श्वासही राहू दिलाय.
आम्हाला कोपऱ्यातला कॉम्प्रेसरही ऐकू येतो.
आता तो नसला तर चुकल्यासारखं वाटेल.

दानित्सा शाळेची बस चालवते.
तिचं सगळं लांबून येतं.
या महिन्यात फिनलंडची एक बाई,
जिचं एक अक्षर कुणाला कळत नाही.
चौथं गाणं नीट ऐका, दानित्सा सांगते,
ती दार लावून घेते, पण कडी घालत नाही.
आम्ही ऐकतो.
खरंच, कडी वाजत नाही.

मी मासळीच्या शीतगृहात.
हातमोजे काढले तरी तासभर बोटं माझी नसतात,
म्हणून मला ढोल लागतात.
दोन भाऊ वाजवतात, आई शेजारच्या खोलीत झोपल्यासारखे,
दबक्या आवाजात भांडत.

आणि इसायास.
एकोणिसाचा. लोकर कातरणीचा हंगाम संपवून गावात आलेला,
अंगाला अजून मेंढ्यांचा वास.
मार्चमध्ये त्याने एक रेकॉर्ड आणली, ‘मिठाची खिडकी’ :
एक गिटार, एक माणूस,
मागे कुठेतरी कुत्रं.
पुढच्या शुक्रवारी तीच.
त्याच्या पुढच्याही.
सातव्या खेपेला दानित्सा म्हणाली, पोरा, दुसरं काही?
तो म्हणाला, खोटं आणू का?

तिसऱ्या गाण्यात चरा होता.
तू परत
तू परत
तू परत
सुई तिथेच घुटमळायची,
मग एलेउतेरियो रबरी हातोड्याने टेबलाला हलकेच ठोका द्यायचा
आणि गाणं टुणकन पुढे,
थेट कुत्र्यापाशी.

तेही कानात बसलं.
एकदा पेट्या मोजता मोजता मी म्हणाले,
तू परत, तू परत, तू परत,
आणि टाच आपटली.
मुकादम म्हणाला, कोण परत?
दानित्साच्या बसमधली पोरं तर
सिग्नल सुटेना की हेच म्हणत, सीटवर बुक्की मारत.
कुणासाठी म्हणतो हा गाणारा, आम्ही विचारलं नाही.
इसायास कुणासाठी ऐकतो, तेही नाही.
पुएर्तो नातालेसची बस येण्याच्या वेळी
तो शटरखालून वाकून बघायचा, एवढं दिसायचं.

जूनमध्ये, पाचलाच अंधार पडू लागला तेव्हा
त्याच्या वाढदिवसाला दानित्साने सांतियागोहून मागवली
तीच रेकॉर्ड, नवी कोरी.
तिसरं गाणं आलं.
एलेउतेरियोचा हातोडा सवयीने वर गेला
आणि सुई अडलीच नाही :
तू परत केलेलं पातेलं
अजून चुलीवर आहे, पालथं.

हातोडा हवेतच.
पातेलं? दानित्सा म्हणाली.
मग ती जी हसत सुटली,
मीही, एलेउतेरियोही, डोळे पुसत, खोकत.
चार महिने आम्ही एका पातेल्यासाठी
गळा भरून आणत होतो.

इसायास हसला नाही.
गाणं संपेपर्यंत थांबला, कुत्रं भुंकून गप्प होईपर्यंत.
मग म्हणाला,
म्हणजे ती पातेलं द्यायला तरी
आली होती.

पुढल्या शुक्रवारी त्याने जुनीच आणली.
नवी कुठे आहे, कुणी विचारलं.
घरी आहे, म्हणाला, छान आहे,
पण सध्या हीच ऐकतोय.

एलेउतेरियो टायरांच्या ढिगाऱ्यात
हातोडा शोधू लागला.